धुडकू उस्तादांच्या दोन थपडा

धुडकू उस्तादांनी मला उभ्या नोकरीत दोन थपडा मारल्या. काठीचे फटके वेगळे. ते कोणी मोजत नव्हतं. पहिली थप्पड बसली मैदानावर घड्याळ पाहिलं म्हणून. दुसरी बसली अकरा वर्षांनी, घड्याळ पाहूनसुद्धा गप्प बसलो म्हणून. पहिलीने उजवा गाल चार दिवस सुजला. दुसरीने डावा कान गेला, तो कायमचाच. आणि तरीही मी हा माणूस तुम्हाला सांगायला बसलोय, यातच काय ते समजून घ्या.

आमचं दल कोणतं आणि मैदान कुठलं, हे सांगणार नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधे कुठेतरी आम्ही असतो, खाकी घालतो, आणि जिथे दगड उडायला लागतात तिथे आम्हाला ट्रकमधून नेऊन उतरवतात, एवढं पुरे. नाव सांगितलं की लोक माणूस सोडतात आणि चौकशी धरून बसतात.

मी असोद्याचा. भरती झालो तेव्हा मामाने कौतुकाने घड्याळ घेऊन दिलं होतं, ते मी झोपतानाही काढत नसे. पहिल्याच वर्षीच्या शारीरिक चाचणीत, सोळाशे मीटरच्या धावेत, दुसऱ्या फेरीला मी मनगट वर करून पाहिलं. मागून कोणीतरी आलं आणि धावता धावताच माझ्या गालावर असा हात पडला की मी चुन्याच्या रेघेबाहेर जाऊन कोलमडलो. वर पाहतो तर एक काळा, सडपातळ, बनियनमधला माणूस उभा, आणि त्याचे पाय जागच्या जागी धावतायत. ‘घडीमा काय देखस?’ तो म्हणाला. ‘माले देख. मन्हा पुढे तो पास, मन्हा मांगे तो नापास.’ एवढं बोलून तो गेला. बोलण्यात गेलेले सेकंद त्याने पुढच्या वळणावर भरून काढले. मी डोळे पुसत उठलो, धावलो, आणि त्याच्या जेमतेम चार पावलं आधी रेघ ओलांडली.

ते उस्ताद. कवायत शिकवणाऱ्याला आमच्यात उस्तादच म्हणतात. धुडकू सोनवणे, साक्रीकडचे. बदल्या झाल्या, साहेब आले-गेले, पण उस्तादांच्या तोंडची अहिराणी काही साध्या मराठीला वळली नाही. साहेबांशीही तेच बोलायचे. कोणाला नावाने हाक मारली नाही कधी. गावाने हाक मारायचे. मी ‘असोदा’, माझा जोडीदार सुरेश ‘बोदवड’. मुक्ताईनगरचा एक जण होता, त्याला ते शेवटपर्यंत जुन्या नावाने ‘एदलाबाद’ म्हणत. तो चिडायचा. चिडला की जास्त म्हणायचे.

आता ती चाचणी काय, ते सांगतो. दरवर्षी थंडीत आमची मोजदाद व्हायची. छाती, कंबर, दोरीवर चढणं, गोळा फेकणं आणि शेवटी धाव. गोळा जरा अलीकडे पडला तर साहेब दुसरीकडे बघत. कंबर मोजताना पोट आत ओढून श्वास कोंडलेले लोक निळे पडत, त्यालाही साहेब हसून सोडत. धावेत मात्र सोडणं नव्हतं. चाळिशीच्या आतल्यांना सोळाशे मीटर आठ मिनिटांत. चाळिशीपुढे नऊ, पन्नाशीपुढे दहा. मोठ्या वयाच्यांची धाव दुसऱ्या दिवशी साहेबांच्या घड्याळावर व्हायची आणि ती कोणी मनावर घ्यायचं नाही. तरण्यांची धाव व्हायची उस्तादांवर.

म्हणजे अक्षरशः उस्तादांवर. उस्ताद सगळ्यांबरोबर रेघेवरून निघायचे आणि चार फेऱ्या बरोबर आठ मिनिटांत संपवायचे. त्यांच्या आधी पोचला तो पास. फार पूर्वी एका साहेबांनी सलग तीन वर्षं घड्याळ लावून पाहिलं होतं म्हणे, दर वेळी आठ मिनिटं, फार तर सेकंद इकडे-तिकडे. त्या साहेबांनी घड्याळ खिशात घातलं आणि म्हणाले, आता हेच आपलं घड्याळ. तेव्हापासून तो रिवाज पडला. माझ्या त्या थपडेनंतर धावेआधी उस्ताद आपली टोपीही फिरवायला लागले आणि सगळ्यांनी मनगटावरची घड्याळं, मोबाइल, सगळं त्या टोपीत टाकायचं. त्यांना विचारलं की तुम्हाला वेळ कळते कशी, तर म्हणायचे, तीन पावलं श्वास आत, दोन पावलं बाहेर, तिसऱ्या फेरीला छातीत उजवीकडे जाळ पेटला पाहिजे, चौथीला जिभेवर लोखंडाची चव आली पाहिजे. ती आली की आठ मिनिटं झाली. ‘घड्यायले दम लागस का? नही लागस. मंग त्याले काय समजस?’

नापास झाला की तीन महिने रजा बंद आणि रोज सकाळी जादा पीटी. जादा पीटी म्हणजे उस्ताद आणि त्यांची तुरीची काठी. शेवटून धावणाऱ्याच्या पोटरीवर ती काठी बसायची. वळ उठायचे, कातडी फाटायची. एकदा एका जाड्या शिपायाला त्यांनी असं झोडपलं की तो मैदानावरच मुतला, आणि त्यालाच त्यांनी तशाच ओल्या पँटीत आणखी दोन फेऱ्या पळवला. आज कोणी असं केलं तर मोबाइलवर फिल्म निघेल आणि उस्ताद घरी बसतील. बसायलाही पाहिजेत, मी काही त्या काठीचं गुणगान करत नाही. पण संध्याकाळी तेच उस्ताद वाटीत शेंगदाण्याचं तेल कोमट करून बराकीत यायचे आणि ज्याला मारलं त्याच्या पोटऱ्या तासभर चोळत बसायचे. त्या जाड्याच्या त्यांनी महिनाभर चोळल्या.

हे सगळं कशापायी, ते ते वर्षातून एकदाच सांगायचे, चाचणीच्या सकाळी, दर वर्षी त्याच शब्दांत. ते स्वतः नवीन असताना एका गावात दंगल झाली. अरुंद गल्ली, वरून विटा, मागे हटायचा हुकूम. उस्ताद आणि त्यांचा एक सोबती बरोबर पळाले. सोबती दहा पावलं मागे राहिला. उस्तादांनी वळून पाहिलं तेव्हा त्याचं डोकं दोघांनी धरलं होतं आणि तिसरा त्यावर पाटा टाकत होता. घरात मसाला वाटतात तो पाटा. एकदा टाकला, उचलला, परत टाकला. हे सांगताना उस्तादांचा आवाज बाजारहाट सांगावा तसा असायचा. मग एकच वाक्य, ‘जो पयना तो वाचना, जो ऱ्हायना तो गया.’ आणि लगेच शिट्टी.

बंदोबस्तातही ते असेच. पुढे कधी दिसायचे नाहीत. मागे हटायची वेळ आली की सगळ्यात शेवटच्या माणसाच्या मागे उस्ताद ढाल घेऊन, एका हाताने त्याला ढकलत, शिव्या देत. धुळ्याकडे एकदा दगडफेकीत त्यांच्या ढालीवर इतके दगड बसले की तिची काच जाळी झाली, खांदा निखळला, आणि खांदा तसाच लोंबता ठेवून त्यांनी एदलाबादला ट्रकमध्ये फेकला. वर चढल्यावर त्याच्या दोन कानफटात लावल्या, मागे का राहिलास म्हणून.

माझं अक्षर बरं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून चाचणीचा तक्ता माझ्याकडे आला. लिहिणाऱ्याची स्वतःची धाव आदल्या दिवशी उरकायची, एकट्याने, उस्तादांबरोबर. मी बऱ्यापैकी पळतो. दर वर्षी त्यांच्या पन्नासेक पावलं पुढे असायचो. एका वर्षी शंभरेक पावलं पुढे निघालो. पुढच्या वर्षी त्याहून जास्त. मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, वय वाढतंय आणि तू सुधारतोयस. फुशारकी हो, दुसरं काय. किती सुधारलो ते बघावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी पहाटे एकट्याने घड्याळ लावून धावलो, तर मी आधीपेक्षा सात सेकंदांनी मंद झालो होतो.

मग त्याच दिवशी चाचणीत मी ते पाप केलं. तक्ता लिहायला बसलो असताना कागदाखाली घड्याळ ठेवलं. शिट्टीला दाबलं, उस्तादांनी रेघ ओलांडली तेव्हा दाबलं. आठ मिनिटं सव्वीस सेकंद. उस्ताद छातीवर हात ठेवून वाकले होते, तोंडात थुंकी आली होती, त्यांच्या हिशेबाने सगळं जागेवर होतं, छातीतला जाळही आणि जिभेवरचं लोखंडही. म्हातारपण येतं तेव्हा दम तेवढाच लागतो, रस्ता मात्र कमी कापला जातो, हे त्यांना कोण सांगणार? मी तक्त्यात लिहिलं, आठ मिनिटांच्या आत, सर्व पास.

सुरेशला मात्र सांगितलं. सुरेश म्हणजे बोदवड, माझा जोडीदार. आम्ही एकाच दिवशी भरती झालेलो. बोलायला गोड, खायला दांडगा. वांग्याच्या भरितावर कच्चं तेल ओतून चार कळण्याच्या भाकरी उडवायचा आणि मग पोटावर हात फिरवत म्हणायचा, ही सरकारी मालमत्ता आहे, जपली पाहिजे. तो दर वर्षी नापास व्हायचा. त्याच्या पोटऱ्या कायम हिरव्यानिळ्या. आणि गेली दोन वर्षं तो पास होत होता. मी त्याला खरं कारण सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, ‘घड्याळ मागे पडलंय ना? पडू दे. तू त्याला चावी देऊ नको म्हणजे झालं.’ मीही हसलो. त्याच्या लेकीचं त्या महिन्यात जावळ होतं आणि त्याला रजा हवी होती.

पुढच्या वर्षी आठ पंचेचाळीस. सगळे पास. साहेब खूश, वरून शाबासकीचं पत्र आलं. उस्ताद तर हरखून गेले. त्यांना वाटलं, इतक्या वर्षांचा मार फळाला आला. त्या वर्षी त्यांनी कोणाला हात लावला नाही. तुरीची काठी दाराच्या वर खोचून ठेवली आणि बराकीत जिलबी आणली. सुरेशच्या पाठीवर हात ठेवून ते सगळ्यांना सांगत होते, देखा, हाऊ बोदवड, हाऊ बी पास. सुरेशने माझ्याकडे पाहून डोळा मारला. मी जिलबी खाल्ली.

त्यानंतर चार महिन्यांनी, मे महिन्यात, आम्हाला नदीत उतरवलं. वाळू चोरणाऱ्यांवर धाड होती, महसुलाचे अधिकारी आणि त्यांच्या रक्षणाला आम्ही अकरा जण. दुपारचे तीन, पात्रात पाण्याचा थेंब नाही, वाळू तव्यासारखी. ट्रक रुतेल म्हणून वर काठावर ठेवलेला. आम्ही पोचलो तेव्हा दोनच ट्रॅक्टर होते. अधिकारी चाव्या काढून घेत होते तोवर पलीकडच्या बाभळींतून माणसं निघायला लागली. वीस, तीस, मग मोजणं सोडलं. हातात फावडी, पहारी. पहिला दगड अधिकाऱ्यांच्या तोंडावर बसला आणि त्यांचे दात वाळूत पडले. आमच्या नायकाने ओरडून सांगितलं, मागे फिरा, ट्रककडे.

आम्ही पळालो. दोघांनी अधिकाऱ्यांना काखेत धरलं होतं, तेही पुढे निघाले. सुरेश माझ्या बाजूला होता. शंभर पावलांनंतर त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. त्याने हात पुढे केला, मी धरला, ओढला. वाळूत माझेही पाय घोट्यापर्यंत जात होते. एक दगड माझ्या पाठीत बसला आणि हात सुटला. सुटला की सोडला, हे मी स्वतःला आजवर हजारदा विचारलंय. वळून पाहिलं तेव्हा तो सात-आठ पावलं मागे होता. दुसऱ्यांदा वळलो तेव्हा पहिलं फावडं त्याच्या मानेखाली बसलं होतं. तो गुडघ्यावर आला. मग ते चौघं-पाचजण त्याच्याभोवती वाकून मारत राहिले, आळं खणतात तसं, खाली बघत, एका लयीत. फावडं वर यायचं तेव्हा लाल दिसायचं.

ट्रकमधली बंदूक निघून हवेत दोन गोळ्या सुटेपर्यंत ते मारत होते. मग पांगले. आम्ही परत गेलो. त्याचा एक डोळा जागेवर नव्हता आणि पाय भलत्याच बाजूला वळला होता, तरी तो जिवंत होता. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेला. पुढे सातजण पकडले गेले, खटला अजून चालू आहे, मी साक्ष देऊन आलोय.

उस्ताद त्या दिवशी मैदानावर नव्या पोरांची कवायत घेत होते. बातमी ऐकून आले ते दवाखान्याच्या ओट्यावर तीन दिवस बसून राहिले. सुरेश गेल्यावर ते रडले नाहीत. ते प्रत्येकाला धरून एकच विचारायला लागले, ‘तो तं पास व्हता. मन्हा पुढे व्हता. मंग सापडना कसा?’ त्यांनी नदीत जाऊन अंतर पावलांनी मोजलं. पाचशे वीस पावलं. चोरांची वाट मोजली. त्यांचा हिशेब पक्का होता, पास झालेला माणूस त्या अंतरात हाती लागू शकत नाही. म्हणजे कोणीतरी त्याला पाडलं, नाहीतर त्याच्याबरोबर असलेल्याने दगा दिला. त्याच्याबरोबर कोण होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. बराकीत माझ्या ताटाशेजारी बसणं लोकांनी सोडलं.

पंधराव्या दिवशी मी मैदानावर गेलो. उन्हं उतरत होती, उस्ताद एकटेच चुन्याच्या रेघा मारत होते. मी सांगून टाकलं. म्हटलं, उस्ताद, बोदवड पास नव्हता. तुमच्या पुढे होता, पण पास नव्हता. तुम्हीच मागे पडलाय.

त्यांनी चुन्याचं डबडं खाली ठेवलं. घडी शे का, विचारलं. होती. ती लाव म्हणाले आणि रेघेवर उभे राहिले. चोपन्न वर्षांचा माणूस, अनवाणी. मी शिट्टी वाजवली. चार फेऱ्या मी नुसता उभा होतो आणि देवाची प्रार्थना करत होतो की निदान आज त्यांनी आठ मिनिटांत यावं, मी खोटा ठरावा, सगळ्या बराकीने मला जोडे मारावेत. चौथ्या फेरीच्या वळणावर त्यांचा एक पाय घासत होता. रेघ ओलांडून ते वाकले, जिभेने ओठ चाटले. ती चव आली असणार. वर न बघता त्यांनी विचारलं, ‘कितला?’

तेव्हाही मला खोटं बोलता आलं असतं. आठ दोन म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. मी म्हटलं, आठ मिनिटं बावन्न.

‘कधीपाईन?’

तीन वर्षं तरी झाली, मी म्हटलं.

‘तुले माहीत व्हतं?’

मी हो म्हटलं, आणि ती थप्पड बसली. डाव्या कानात काहीतरी फाटल्याचा आवाज झाला आणि मग तिकडचं जग बंद. मी पडलो. त्यांनी दारावरची काठी काढून आणली. ते मला किती मारत होते ते मला सांगता येणार नाही. पाठ, हात, डोक्यावर आडवी धरलेली बोटं. दोन बोटं मोडली. मी ओरडलो नाही आणि पळालोही नाही, पळायचं कुठे? काठी मधोमध तुटली तेव्हा ते थांबले. मग त्यांनी तुटलेला हातभर तुकडा माझ्या चांगल्या हातात कोंबला, बनियन काढलं आणि माझ्यापुढे पाठ करून गुडघ्यावर बसले.

‘आते तू मार,’ ते म्हणाले.

मला वाटलं होतं मी काठी फेकून देईन. मी मारलं. खोटं कशाला सांगू? तळपायाची आग मस्तकात गेली होती. तुमचा श्वास, तुमचं लोखंड, तुमची टोपी, आमची घड्याळं काढून घेणारे तुम्ही कोण? मी मारत गेलो. त्यांच्या पाठीतून रक्त आलं तेव्हा मला सुरेशची पाठ दिसली आणि मी काठी टाकली. आम्ही दोघं त्या मैदानावर अंधार पडेपर्यंत बसून होतो. मग तेच उठले आणि तेलाची वाटी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना अर्ज दिला. मोडक्यातोडक्या अक्षरात, स्वतःच्या हाताने. मागच्या तीन वर्षांचे निकाल खोटे आहेत, माझे पाय मंद झाले, मी नापास आहे, बोदवडच्या मरणाला मी जबाबदार. तक्ता लिहिणारा मी, पण माझं नाव त्यात कुठेही नव्हतं. साहेबांनी अर्ज वाचून दार लावून घेतलं. म्हणाले, उस्ताद, हे वर गेलं तर सगळ्यांचीच वाट लागेल, आणि तुम्ही नापास कसे? तुमच्या वयाला दहा मिनिटं आहेत, तुम्ही नियमाने पास आहात. मी तक्ते घेऊन तिथेच उभा होतो. उस्ताद म्हणाले, ‘दगड मारनारा वय इचारस का, साहेब?’ अर्ज साहेबांनी वर पाठवला नाही, पण फाडलाही नाही. पुढच्या चाचणीत घड्याळ आलं आणि निम्मी तुकडी नापास झाली.

बोदवडला, सुरेशच्या गावी, मात्र आम्ही दोघं गेलो. सुरेशची बायको ओट्यावर भाकरी करत होती. उस्तादांनी उभ्यानेच सांगितलं, जसं होतं तसं, स्वतःचंही. मग मी माझं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. विचारलं, किती कमी पडला तो? उस्ताद म्हणाले, पाऊण मिनिटभर. तिने तव्यावरची भाकरी उलटली. ‘तेवढ्यात तर माझी एक भाकर थापून होते,’ ती म्हणाली. आम्हाला बसाही म्हणाली नाही, आणि का म्हणावं तिने? परतीच्या बसमध्ये उस्ताद खिडकीकडे तोंड करून मोठ्याने रडले. लोक बघत होते. मी त्यांचा हात धरून ठेवला, या वेळी सोडला नाही.

ते अठ्ठावन्नला निवृत्त झाले. चाचणी माझ्याकडे आली. आता घड्याळं दोन असतात, एक माझ्या हातात, एक धावणाऱ्यांपैकीच कोणाच्या तरी. पहिल्या वर्षी उस्ताद साक्रीहून मुद्दाम आले आणि लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. पाय सुजलेले, धोतर. त्या वर्षी एक चांगला शिपाई आठ मिनिटं तीन सेकंदांनी आला. त्याच्या बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं आणि रजा जाणार होती. सगळी तुकडी माझ्याभोवती जमली. तीन सेकंद हो, शिंक आली तरी जातात. मी उस्तादांकडे पाहिलं. ते झाडाकडे बघत होते. मी नापास लिहिलं. मला लोकांनी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निघताना त्यांना एसटीत बसवायला गेलो. वर चढून त्यांनी खिडकीतून हाक मारली, ‘असोदा, तुन्हा कान कसा शे?’

मी म्हटलं, गेला तो गेलाच उस्ताद, डावीकडचं काही ऐकू येत नाही.

‘मंग बरं शे,’ ते म्हणाले. ‘तीन सेकंद मांगनारासले त्याच बाजूले उभं कर.’

मागच्या श्रावणात ते गेले. झोपेत, कोणीही न मारता. यंदाच्या चाचणीतही चारजण आले होते काही सेकंदांसाठी, एकाच्या तर डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना डावीकडे उभं केलं आणि घड्याळात जे होतं ते लिहिलं.